गणपती पाहिला, खाण कोण पाहणार?

(द्वितीय वर्ष कला)

खाण संपल्यावर खाणीच्या गावाचे काय होते, हा प्रश्न आपल्या भूगोलाच्या पुस्तकात नसतो. कोणते खनिज कोठे सापडते आणि ते कोणत्या बंदरातून परदेशी जाते, एवढे त्यात असते. परीक्षेत महाराष्ट्राचा नकाशा येतो, आपण दक्षिण टोकाला रेडीपाशी लोखंडाची खूण करतो आणि गुण घेऊन मोकळे होतो. त्या खुणेच्या जागी घरे आहेत, शाळा आहे, तेथली माणसे सकाळी डबा घेऊन खाणीवर जात होती, हे नकाशात मावत नाही. गेल्या वर्षी आपली सहल मालवण, वेंगुर्ले करीत रेडीला गेली. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात घोळत आहे. सहलीचे रसभरित वर्णन या अंकात दुसरे कोणीतरी करीलच, तेव्हा बसमधल्या भेंड्या आणि मालवणच्या जेवणाला मी हात लावत नाही.

रेडी हे वेंगुर्ले तालुक्याचे शेवटचे गाव. गोव्यातला तेरेखोलचा किल्ला येथून अगदी जवळ. गावाचे वय मोठे आहे. बदामीच्या चालुक्यांच्या काळातील रेवतीद्वीप ते हेच, असे इतिहासकार मानतात. इ. स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात मंगलेश राजाने ते जिंकल्याचा उल्लेख आहे. खाडीच्या तोंडाशी यशवंतगड उभा आहे. मराठे, पोर्तुगीज, सावंतवाडीकर, इंग्रज असे त्याचे धनी बदलत गेले. या सगळ्या इतिहासाच्या पाठीशी जांभ्या दगडाचा उतार आहे आणि त्या उताराच्या पोटात लोखंड. ते उकरायचे, ट्रकात भरायचे, बंदरावर ओतायचे, तेथून बार्जमध्ये चढवायचे आणि समुद्रात लांब नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजापर्यंत पोचवायचे, असा हा धंदा. कोकणातला डोंगर असा टोपलीटोपलीने जपानला गेला.

पुढे १९७६ साली खाणीच्या परिसरात गणपतीची मोठी पाषाणमूर्ती सापडली. खाणीवर ट्रक चालवणाऱ्या एका माणसाला स्वप्नात दृष्टान्त झाला, त्याप्रमाणे खणले आणि देव वर आला, अशी हकिगत सांगतात. मूर्ती दोन हातांची आहे, म्हणून द्विभुज गणपती. नंतर उंदीरही सापडला. देऊळ झाले, नवसाला पावतो अशी कीर्ती झाली आणि आज रेडीला येणाऱ्या दहा गाड्यांपैकी नऊ गाड्या गणपतीसाठी येतात. आमची बस त्यांपैकीच एक होती. दर्शन, प्रसाद, समुद्राकडे तोंड करून फोटो, आणि चला शिरोड्याला.

देवाबद्दल माझी काही तक्रार नाही. मी स्वतः हात जोडले आणि जे मागायचे ते मागितले. पण एक गोष्ट मनाला लागून राहिली. दृष्टान्त झाला तो खाणीवरच्या ट्रकचालकाला. देव निघाला तो खाणीतून. म्हणजे गणपतीच्या कथेतच खाण बसलेली आहे! तरीसुद्धा तो चालक दिवसाला किती खेपा मारीत असे, खेपेमागे त्याच्या हाती काय पडे, त्याच्या ट्रकात खनिज भरणाऱ्या बायका कोणत्या वाडीतून येत, हे सांगणारा तेथे एकही फलक मला दिसला नाही. त्याचे स्वप्न सगळ्यांना पाठ आहे. तो जागेपणी काय करीत होता, हे कोणी विचारत नाही.

त्याच दुपारी आम्ही शिरोड्याला उतरलो. तेथे १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, आणि १९२० पासून १९३८ पर्यंत वि. स. खांडेकर तेथे शिक्षक होते. शेजारचे आरवली म्हणजे जयवंत दळवींचे गाव. आमच्या सरांनी झाडाखाली उभे राहून या दोघांवर अर्धा तास छान बोलून दाखवले आणि आम्ही वह्या काढून लिहून घेतले. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी तसे करायलाच हवे. परंतु जवळच रेडीत हजारो माणसांनी अंग मोडून काम केले, त्यांच्यावर अर्धा मिनिटही कोणी बोलले नाही. लेखकाचे घर पाहण्यासाठी आपण वाट वाकडी करतो. खाणकामगाराचे घर वाटेवरच असते, ते खिडकीतून मागे जाते.

रेडीत रस्त्याकडेला कोकम सरबत आणि खाजे विकणारे एक आजोबा भेटले. मैत्रिणी देवळाच्या पायऱ्यांवर होत्या, मी सरबत घ्यायला थांबले होते. "खंयसून इलात?" त्यांनी विचारले. तारापूर म्हटल्यावर ते लगेच म्हणाले, "थंय अणुशक्ती आसा मां?" आपल्या गावाचीही लांबच्या माणसाच्या मनात एक खूणच आहे, हे मला तेव्हा कळले. माझे वडील कंपनीत कामाला आहेत म्हटल्यावर त्यांची कळी खुलली. ते स्वतः बावीस वर्षे खाणीवर होते. पावसाळ्याचे चार महिने जहाजे येत नसत, मग काम बंद आणि पगारही बंद. त्या चार महिन्यांचे तांदूळ उन्हाळ्यातच भरून ठेवावे लागत. घराला चुना काढला तरी महिन्याभरात भिंती तांबड्या होत. बायको चादर झटकताना रोज शिव्या घाली, आणि "आता धूळ नाय तर तीच म्हणता, तुमचो पगार येय तेव्हा धूळ बरी होती," असे म्हणून ते हसले. जुन्या खड्ड्यांत पाणी साचून हिरवेगार दिसते, तरुण मंडळी तेथे जाऊन फोटो काढतात. त्या पाण्याखाली कोणती पायवाट कोठून उतरत होती, हे ते बोटाने हवेत दाखवीत होते. उठताना म्हणाले, "माका ह्या आजपर्यंत कोणी इचारूक नाय."

सरांनी हाक मारली आणि मला निघावे लागले. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत आजोबांना वेळ नव्हता.

माझे म्हणणे एवढेच आहे. खाणीचे गाव पाहण्याचे ठिकाण झाले, याला माझा विरोध नाही. खाणीवरचे काम गेले तर सरबत विकून का होईना, चूल पेटली पाहिजे. शहरातल्या काही लोकांना पर्यटन म्हटले की नाक मुरडण्याची सवय असते. ज्यांच्या घरी पगार वेळेवर येतो त्यांना ते परवडते. पण पर्यटकाला काय दाखवायचे, हे ठरवताना ज्यांनी ते गाव आपल्या हातांनी उकरले त्यांनाच वगळायचे, हा अन्याय आहे. आणि तो एकट्या रेडीत होत नाही.

अमेरिकेत अॅरिझोना राज्यात जेरोम नावाचे गाव आहे. डोंगराच्या उभ्या उतारावर, तांब्याच्या खाणीवर वसलेले. १९३० च्या शिरगणतीत तेथे पाच हजारांच्या जवळपास वस्ती होती. १९५३ मध्ये खाण बंद झाली आणि १९६० च्या शिरगणतीत अडीचशे माणसेसुद्धा उरली नव्हती. उरलेल्यांनी बंद पडलेल्या त्याच साली इतिहास मंडळ काढले आणि पडकी घरे विकत घेऊन ती टिकवली. आज ते नामांकित पर्यटनस्थळ आहे. डोंगराखालच्या सुरुंगांनी जमीन हलली, तेव्हा तेथला तुरुंग घसरत घसरत दोनशे फुटांहून अधिक खाली आला. तो घसरलेला तुरुंग पाहायला लोक गर्दी करतात. खाणकामगारांसाठी १९२७ साली सुरू झालेले इस्पितळ १९५० मध्ये बंद पडले आणि १९९६ पासून त्याचे हॉटेल झाले आहे. तेथे भुते दिसतात म्हणे! ज्या खोल्यांत छातीत धूळ भरलेली, हातपाय चेचलेली माणसे कण्हत पडली होती, त्याच खोल्यांचे भाडे आता भुतांच्या नावावर चढते. आपल्या कोकणात भुतांना तोटा नाही, पण त्यांची तिकिटे अजून निघालेली नाहीत, हे नशीब.

याच जेरोममध्ये १० जुलै १९१७ रोजी संपवाल्या कामगारांपैकी साठाहून अधिक जणांना बंदुकीच्या धाकाने गुरांच्या डब्यांत कोंबून गावाबाहेर पाठवले होते. दोनच दिवसांनी त्याच राज्यातल्या बिस्बी या दुसऱ्या खाणगावात हाच प्रकार हजाराहून अधिक माणसांच्या बाबतीत झाला. पर्यटकाला भूत आवडते, कारण भूत पगारवाढ मागत नाही. संप करून हाकलला गेलेला माणूस भुतापेक्षा अवघड आहे. त्याची गोष्ट सांगायची तर बंदूक कोणी धरली होती, तेही सांगावे लागते.

एवढे लांब कशाला जायचे? कोलारच्या सोन्याच्या खाणी २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या. शंभराहून अधिक वर्षे त्या चालल्या आणि त्यांतली एक जमिनीखाली तीन किलोमीटरहूनही खोल गेली होती. त्या खोलीवरच्या उष्म्यात काम करणारे बहुतेक लोक तमिळ दलित कुटुंबांतले होते. २०१८ आणि २०२२ मध्ये त्या खाणींच्या नावाचे दोन सिनेमे आले. आपल्या वसतिगृहात त्यांचे संवाद न येणारा मुलगा शोधून सापडायचा नाही. त्यांतली कथा काल्पनिक आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या सिनेमांमुळे कोलारला जाणारा तरुण सोनेरी नायक शोधत जातो. त्याला दिसतात ते सायनाइडच्या राखाडी टेकड्या आणि एका खोलीच्या चाळी. मग तो टेकडीपुढे छाती काढून फोटो काढतो आणि परततो.

या बाबतीत आमच्यात पुष्कळ वाद झाला. आमच्या एका प्राध्यापकांचे मत असे की, लोक सहलीला मन रमवायला जातात, दुःख ऐकायला नव्हे. सरांविषयी पूर्ण आदर राखून मला हे मत मान्य नाही. वेल्समध्ये ब्लेनाव्हन येथे 'बिग पिट' नावाची कोळशाची खाण आहे. १९८० मध्ये ती बंद झाली आणि १९८३ पासून पाहण्यासाठी खुली झाली. पाळण्यातून सुमारे ९० मीटर खाली नेतात. उतरण्यापूर्वी घड्याळे, काडेपेटी, बॅटरीवर चालणारी प्रत्येक वस्तू काढून घेतात, कारण खाणीत ठिणगी चालत नाही. डोक्यावर दिव्याची टोपी चढवतात. आणि पुढे चालणारा वाटाड्या हा स्वतः खाणीत काम केलेला माणूस असतो. लाखो लोक तेथे गेले आहेत. त्यांचे मन रमले नसते तर ते गेले असते काय? माणसाला माणसाच्या कष्टाची गोष्ट ऐकावीशी वाटते, फक्त ती सांगणारा तोच हवा. भाड्याने आणलेल्या, पाठ केलेले बोलणाऱ्या मार्गदर्शकाला ती सांगता येत नाही.

आपल्या महाराष्ट्रातही सुरुवात झाली आहे, हे नमूद केले पाहिजे. २०१६ मध्ये पर्यटन विकास महामंडळ आणि वेस्टर्न कोलफील्ड्स यांनी मिळून नागपूरजवळ सावनेर आणि गोंडेगाव येथे कोळशाच्या खाणी पाहण्याची सोय केली. चालू उद्योगाने पाहुण्याला दार उघडले, ही चांगली गोष्ट. मात्र ज्या गावात धंद्याचा बहर ओसरला आणि माणसे मागे राहिली, तेथे दार उघडणार कोण?

दुसरा आक्षेप माझ्या मैत्रिणीचा, आणि तो जास्त वजनाचा आहे. ती म्हणते, या मायनिंगने डोंगर खाल्ले, झरे आटवले, त्याचे कौतुक कसले करायचे? तिचे निम्मे खरे आहे. १९९७ साली सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि त्याच जिल्ह्यात खाणींचे पट्टेही दिले गेले. एका हाताने पाहुण्याला हिरवा डोंगर दाखवायचा, दुसऱ्या हाताने तो उकरायचा! माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ च्या अहवालात पश्चिम घाटाच्या नाजूक पट्ट्यांत नव्या खाणी नकोत, असे स्पष्ट सांगितले. दोडामार्ग तालुक्यातील कळणे गावाने खाणीविरुद्ध मोठा लढा दिला होता. त्या गावात जुलै २०२१ च्या पावसात खाणीत साचलेल्या पाण्याचा बांध फुटला आणि चिखलाचा लोंढा घराबागांत शिरला. हे सगळे सांगितले पाहिजे. हिरव्या पाण्याचा फोटो काढणाऱ्याला तो खड्डा आहे हे कळले पाहिजे.

परंतु खाण वाईट म्हणून खाणकामगार वाईट, असा हिशेब मला पटत नाही. डोंगर खाल्ला तो नफ्याने. कामगाराने खाल्ली ती भाकरी. गोव्यात २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मधे काही काळ चालू झाल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने ८८ पट्ट्यांवरचे काम पुन्हा थांबले. न्यायालयाने नियम मोडणाऱ्यांना चाप लावला, हे योग्यच झाले. पण कर्ज काढून ट्रक घेतलेल्या माणसाच्या दारात तो ट्रक गंजत उभा राहिला आणि बँकेचा हप्ता काही थांबला नाही. नियम त्याने मोडला नव्हता. निसर्गाचा कैवार घेणारे आणि धंद्याचा कैवार घेणारे, दोघेही मोठ्या आवाजात बोलतात. मधल्या ट्रकवाल्याचे बोलणे दोघांनाही ऐकू जात नाही. खाणीचे खरे संग्रहालय झाले तर त्यात डोंगराचे नुकसानही हवे आणि ट्रकवाल्याचा हप्ताही हवा.

आता कोणी म्हणेल, तारापूरच्या मुलीला रेडीची एवढी उठाठेव कशाला? त्याचे कारण असे की, मला रेडीत आपलेच गाव दिसले. तारापूरची ओळख विचारा. किल्ला आहे, चिमाजी अप्पांच्या सैन्याने १७३९ मध्ये तो पोर्तुगीजांकडून घेतला, बाजी भीवराव तेथे पडले, हे आपण स्नेहसंमेलनात नाटक करून सांगतो. अणुवीज केंद्र आहे, १९६९ साली सुरू झाले, देशातले पहिले, हे सामान्यज्ञानाच्या पुस्तकात आहे. या दोन वाक्यांत तारापूर संपते. माझे आजोबा त्या केंद्राच्या बांधकामावर खडी फोडायला होते. तेव्हा ते सतरा-अठरा वर्षांचे, म्हणजे आज माझे आहे त्याहून लहान. माझे वडील बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करतात. एका कारखान्यात त्यांच्या उजव्या हाताचे एक बोट गेले. त्याच हाताने त्यांनी माझ्या प्रवेशअर्जावर सही केली. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली, आणि येथे येऊन दीड वर्षात मी प्लासीची लढाई दोनदा शिकले. आजोबांच्या खडीविषयी मला कोणी विचारले नाही आणि मीही परवापर्यंत त्यांना विचारले नव्हते, कारण ते शिकण्यासारखे काही असेल असे आमच्या घरात कोणालाच वाटत नाही. आजोबांना तर मुळीच नाही. "दगड फोडले, त्यात काय सांगायचे?" असे ते म्हणतात.

चिंचणी-तारापूरला घरोघर दागिन्यांचे साचे कोरणारे कारागीर आहेत. डाय बनवण्याचे हे काम बापाकडून मुलाकडे येते. केंद्राच्या नव्या अणुभट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली, ती माणसे अजून आपल्यात आहेत. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बंदर चांगले की वाईट यावर आपल्या कट्ट्यावर रोज भांडण होते, त्यात मी येथे शिरत नाही. पण पन्नास वर्षांनी हा किनारा कसा होता, येथे कोण काय करीत होते, हे सांगायला कोण उरणार? तेव्हा एखादी सहलीची बस येईल, कोठेतरी एक सुरेख फलक असेल आणि त्यावर किल्ला आणि अणुवीज केंद्र अशी दोन वाक्ये असतील.

रेडीच्या आजोबांचे वय सत्तरीच्या पुढचे दिसले. त्यांच्या बरोबरीचे किती राहिले असतील? इमारती पडल्या तर पुन्हा बांधता येतात. ती हवेत बोटाने दाखवलेली पायवाट मात्र त्यांच्याबरोबर जाईल. वेंगुर्ले, सावंतवाडीकडच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावे, असे मी त्यांना पत्राने कळवणार आहे. पण दुसऱ्याला पत्र लिहिण्याआधी आपण आपल्या अंगणात काहीतरी केलेले बरे.

म्हणून इतिहास आणि मराठी विभागांपुढे मी एक सूचना ठेवते. दर वर्षी प्रकल्पासाठी आपण दुसऱ्याचे प्रकल्प उतरवून काढतो, हे सरांनाही ठाऊक आहे आणि आपल्यालाही. त्याऐवजी प्रत्येकाने एका माणसाची मुलाखत घ्यावी. गिरणीतला, रसायनाच्या कारखान्यातला, डाय कोरणारा, सुकी मासळी विकणारी, वीटभट्टीवरची, कोणीही. मोबाइल सर्वांकडे आहे, तेव्हा ध्वनिमुद्रणाला खर्च नाही. प्रश्नही सोपे हवेत. पहिल्या दिवशी कोणी कामाला नेले? हजेरी कोण घ्यायचे? पहिला पगार कोणत्या वस्तूवर खर्च झाला? अपघात झाला तेव्हा दवाखान्यात कोणी पोचवले, आणि घरी कोण सांगायला आले? कारखान्याचे नाव छापू नये, बोलणाऱ्याचे नाव त्याने सांगितले तरच छापावे, कारण बहुतेक जण अजून त्याच गेटातून आत जातात. मुलाखत ज्या भाषेत होईल त्याच भाषेत लिहावी. वाडवळी, मांगेली, वारली, मालवणी, भोजपुरी, जी असेल ती. प्रमाण मराठीत आणताना तिचा जीव घेऊ नये.

मी सुरुवात केली आहे. आजोबांनी पहिल्या संध्याकाळी दगडांत काय सांगायचे म्हणून मला उठवून लावले. दुसऱ्या संध्याकाळी हातोड्याचा दांडा कोणत्या लाकडाचा असे, यावर पाऊण तास बोलले. त्यांच्याबरोबर कामाला असलेले आणखी दोघे जण चिंचणीला राहतात असे कळले आहे, पैकी एकांना कमी ऐकू येते. पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे जायचे आहे. ज्यांना बरोबर यायचे असेल त्यांनी ग्रंथालयात माझ्या वर्गाच्या वहीत नाव लिहावे. रविवार सोडून सांगावे, रविवारी वडिलांची पाळी बदलते.